दीड वीत

रग्बी म्हटलं तर बोरस्ते वहिनींना ऐकू आलं रब्बी,
म्हणाल्या, काय लावलंय यंदा, कांदा की हरभरा?
म्हटलं, निनाद लावलाय.
दर रविवारी, सातपूरला, वसाहतीमागच्या मैदानात.

मी शिवणकाम करते. खेळातलं मला
फक्त कमरेचं माप कळतं.
धात्रक मॅडमनी बावीस पट्टे शिवायला दिले,
प्रत्येकाला दोन फिती, व्हेलक्रोने चिकटवलेल्या.
इथे कुणी कुणाला पाडत नाही, त्या म्हणाल्या,
फीत ओढली की समोरचा थांबतो, बस.
मी दोरा दाताने तोडला.
चार शाळांच्या फाटकांवर
आम्हाला सरळ पाडलंच होतं.

पहिल्या रविवारी थंडी अशी
की धुक्यात पांडवलेणीचा डोंगर गायब.
सोपान चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी.
तस्नीमचं कानाचं यंत्र कानाऐवजी खिशात.
शरणपूरचा योहान, जिंको हरो,
दोन्हीकडच्यांना मिठ्या मारत सुटलेला.
आणि निनाद,
नावातच आवाज असलेला माझा पोरगा,
पहिली फीत चर्र झाली तसा
कानांवर हात दाबून पाण्याच्या टाकीमागे गेला.
अकरा वाजेपर्यंत तिथेच.

तो चर्र मीच शिवला होता.

रात्री सगळं व्हेलक्रो उसवलं.
चव्वेचाळीस फितींना टिचबटणं लावली,
दिवा घालवून एकेक ओढून पाहिली.
टिच.
टिच.
पलंगावरून आवाज आला, चालेल.
दिवसाला साताठ शब्द खर्चतो तो.
त्यातला एक मला.

पुढे जायचं तर चेंडू मागच्याला द्यायचा,
असा या खेळाचा उलटा कायदा.
बाकीच्यांना समजायला महिना लागला, मला दोन.
निनादला सांगावंच लागलं नाही,
मागे कोण कोण आहे
हे तो कायमच मोजत असतो.

मग देवळालीची मुलं आली खेळायला.
ओरडायचं नाही असं ठरलं होतं,
टाळ्या तस्नीमने शिकवलेल्या,
हात वर करून नुसती बोटं हलवायची.
खेळ संपायला थोडकं असताना चेंडू निनादकडे आला
आणि मागे कुणी नव्हतं.
पुढेही नव्हतं.
धावला. पिकली पपई सांभाळावी तसा
चेंडू पोटाशी धरून धावला,
आणि फक्कीच्या रेघेपाशी थबकला.

पांढरी रेघ तो ओलांडत नाही.
त्र्यंबक नाक्यावरचे पट्टे टाळायला
आम्ही अर्धा किलोमीटर वळसा घालतो
आणि उशीर झाला की मी खोटी कारणं सांगते.
आता बावीस पोरं, त्यांचे आईबाप,
आणि मी, टेप मुठीत आवळून.

देवळालीची एक मुलगी मागून पोचली, धापा टाकत.
डावा हात छातीशी मिटलेला, तो उघडत नाही.
उजवा त्याच्या फितीपर्यंत आला होता.
तिने त्याचे पाय पाहिले. मग रेघ पाहिली.
हात मागे घेतला
आणि बुटाच्या टाचेने फक्की पुसू लागली,
दाराएवढी नाही, मांजर जाईल एवढी.
सावकाश पुसली. कडा नीट केल्या.

निनाद तेवढ्यातून गेला.
खाली बसला. अंडं ठेवावं तसा चेंडू ठेवला.
मॅडमनी शिट्टी तोंडाशी नेली, न वाजवता खाली घेतली.
मैदानभर बोटं हलत होती,
कुठल्याशा बिल्डिंगमध्ये कुकर बोलला तेवढाच.
मुलीचं नाव नंतर कळलं, रेणुका धोंगडे.
तिच्या संघातला एक मुलगा अजून तिच्यावर रागावलेला आहे म्हणे.
असू दे. त्याचंही बरोबर आहे.

हल्ली शनिवारी फक्की मारायला रखमाजी येतो,
डबा टेकवून विचारतो, ताई, किती सोडू?
दीड वीत, मी म्हणते.
तो मातीवर पंजा पसरतो,
एक वीत, मग अर्धी,
आणि वर बोटभर माया सोडतो,
शिवणात सोडतात तशी.