ओ

डलूथला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं.
मी खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निघून
चुकीचा जिना चढलो होतो, इतकंच.
दोनशे चौदा नंबरच्या खोलीत, हीटरशेजारी,
पियानोला टेकून आर्डिस लुंडक्विस्ट बाई,
पायांत बर्फाचे बूट, गळ्यात चष्म्याची साखळी.
उशीर झालाय, म्हणाल्या. तिसऱ्या रांगेत बस.
खालच्या पट्टीचे पुरुष कमी आहेत.

मला गाता येत नाही, मी म्हणालो.
विचारलं कुणी?

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना थांबवलं.
लॅटिनमधला कुठलासा दोन अक्षरी शब्द.
मिनेसोटाची पोरं ओ म्हणता म्हणता
उ-वर घसरत होती,
गोठलेल्या फुटपाथावर घसरतात तशी.
"तिसऱ्या रांगेतला तू. पुन्हा म्हण.
हा ओ कुठं शिकलास?"

आता काय सांगायचं.
इचलकरंजीच्या सात नंबर शाळेत
पाटीवर गिरवलेला, एक काना एक मात्रा.
आणि खरं तर त्याच्याही आधी:
गल्लीच्या टोकावरून आईनं हाक मारली
की यंत्रमागांच्या खडखडाटावर चढवून
द्यावा लागे तो.
ओ दिला नाही तर पाठीत धपाटा.
मी म्हणालो, आमच्याकडे हे हाकेचं उत्तर आहे.
बाईंनी स्वरलिपीच्या समासात
पेन्सिलीनं काहीतरी टिपून ठेवलं.

त्यांचं सगळं नंतर तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.
वडील लोखंडाच्या खाणीत.
जर्मनीतल्या एका लहानशा ऑपेरात तीन हंगाम:
दासी, दुसरी दासी,
आणि एका रात्री, घसा बसलेल्या नायिकेच्या जागी, नायिका.
तो फोटो कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं.
मग आईचं आजारपण, बोटीचं परतीचं तिकीट,
आणि चौतीस वर्षं हीच खोली.
विद्यार्थी बरेचसे दंतवैद्य झाले,
काही बँकेत, एक पाद्री, एक तुरुंगात.
एकीचं नाव न्यूयॉर्कच्या पोस्टरवर लागलं,
तिनं मुलाखतीत दुसऱ्याच कुणाला गुरू म्हटलं.
बाईंनी तेही कात्रण जपून ठेवलं होतं.

एक्कावन्नाव्या वर्षी स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया.
तेव्हापासून स्वर पियानोवर दाखवायच्या,
स्वतः लावायच्या नाहीत.
फक्त एकदा, गाडी चालवताना, वायपरच्या लयीत
काहीतरी गुणगुणल्या.
मी मागच्या सीटवर होतो.
खोकला आला होता, दाबला.

लांबलचक ओळ आली, की त्या सांगत,
सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नका.
शेजारचा गात असेल तेव्हा चोरून घ्या,
मग त्याला तुमच्या भरवशावर घेऊ द्या.
आवाज तुटता कामा नये.
तुम्ही तुटलात तर चालेल.
(हे मी पुढे दोन नोकऱ्यांत
आणि एका घटस्फोटात वापरलं.)

गेल्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला गेलो.
बंदरासमोरचं शुश्रूषागृह.
अर्धांगानं शब्द नेले होते.
डावा हात अजून ताल धरत होता,
असं लिहायला मला आवडलं असतं.
तो नुसता चादरीवर पडून होता.
मी नाव सांगितलं.
ते त्यांना तेव्हाही नीट म्हणता येत नव्हतं.

चारच्या सुमाराला खनिज न्यायला
एक लांबलचक जहाज आलं.
भोंगा: एक दीर्घ, दोन ऱ्हस्व.
धक्क्यावरच्या उचलत्या पुलानं तस्साच दिला परत,
एक दीर्घ, दोन ऱ्हस्व.
बाई, ऐकलंत? मी मराठीतच म्हणालो.
हाक मारतंय कुणीतरी.

त्यांचे ओठ गोल झाले.
आवाज आला नाही,
पण उ-वर घसरलेही नाहीत ते,
तसेच राहिले, भरीव, गोल.
नर्सला वाटलं, सूप हवंय.
ती चमचा घेऊन वाकली.
मी तिला हातानं थांबवलं,
ओळ अजून चालू होती.