दोन शतांश कमी

शीळफाट्याला मुनाफच्या गोडाऊनमध्ये
सगळ्या लोखंडाला एकच भाव.
ट्रकचे पाटे, लिफ्टचे रूळ, जिन्याचे कठडे,
कुठल्याशा शाळेचा टोल,
काट्यावर चढलं की नाव जातं, किलो उरतो.

मी खिशात कानशीचा तुकडा घेऊन जातो.
घसरली तर कडक, चावली तर मऊ.
शंका राहिली तर मुनाफचा पोऱ्या ग्राइंडर लावतो
आणि मी ठिणगी वाचतो.
लांब, सरळ, वाळल्या गवतासारखी : गेटाचं लोखंड, राहू दे.
आखूड, लाल, आळशी : बीड.
टोकाला फुलबाजीसारखी फुटली
तर मी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.
मुनाफ ठिणगी बघतच नाही.
माझा चेहरा बघतो आणि भाव सांगतो.

परवाच्या मंगळवारी ढिगाच्या तळाशी एक शाफ्ट.
दीड हात लांब, अंगावर लाल फुली, अर्धी उडालेली.
टोकाला पंच : ४७.

मी ढिगावरच बसलो.

सत्तेचाळीस म्हणजे भिकाजी पाताडे.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, सेकंड शिफ्ट,
माझ्या डाव्या हाताचा लेथ.
इन्स्पेक्शनने परत पाठवलेला तो हाच,
किंवा याचा भाऊ.
दोन शतांश कमी, म्हणाले.
केस घ्या, उभे चार भाग करा, त्यातला एक.
पाताडे म्हणाला, साहेब, माप उपाशी आहे तुमचं,
माझा शाफ्ट जेवलेला आहे.
त्या वर्षीची त्याची वाढ गेली.
सात वर्षांनी कंपनी गेली.
लांज्याहून फोन करायचा,
सुपारीचं, गुडघ्याचं बोलून झालं की शेवटी :
बरोबर होता रे तो.
मागच्या शिमग्यात पाताडे गेला.

अठरा किलो भरला.
रिक्षावाला म्हणाला, काका, तोफ कुणावर?

खारेगावात, चाळीच्या मागे,
सहा बाय नऊचा पत्रा हे माझं वर्कशॉप.
सिंगल फेजवर लेथ. बटण दाबलं
की वरच्या वैजूताईंचा पंखा कण्हतो.
दुपारी दोन ते चार बंद, असा आमचा तह आहे.
प्रमिला दारात पायपुसण्याशेजारी लोहचुंबक ठेवते,
माझ्या चपला आधी त्याच्यावरून, मग घरात.
तरी आठवड्याला एक कीस कुणाच्या तरी टाचेत.
शाफ्ट बघून म्हणाली,
तुम्ही भंगार आणलंत, की त्याने तुम्हाला?

रात्री रॉकेलने पुसला. पितळी ब्रश मारला.
मायक्रोमीटर काढला.
कंपनीच्या लिलावात साडेतीनशेला घेतलेला,
इन्स्पेक्शनचा.
हो, तोच. उपाशी.

मधोमध सात शतांश कमी.
पुढे अकरा.
चावीच्या खाचेजवळ, जिथे जुनं ग्रीस
मेणासारखं धरून बसलं होतं,
तिथे दोन.
बरोबर दोन.
पण नखाने चाचपलं तर तिथेही
बारीक पुटकुळ्या होत्या.

गंजाने किती खाल्लं, पाताडेने किती,
आणि हातातलं हे माप किती खोटं बोलतंय,
तीन वेळा पुसून मोजलं.
तीन वेळा दोन.
मग पेटीत ठेवून दिला.

तीन संध्याकाळी आणि पाच ब्लेडं गेली कापायला.
एका तुकड्याचा प्रमिलाला बत्ता झाला,
लसूण म्हणे आता एका ठोक्यात मरतो.
एक मुनाफच्या पोऱ्याला, त्याला छिन्नी हवी होती,
भट्टीत लाल करून, तेलात बुडवून दिली.
बाकीचा कोपऱ्यात उभा आहे.

पंचाचं टोक मात्र चार बोटं राखलं.
ते बाकावर असतं, ४७ माझ्याकडे करून.
त्याच्यावर वाकडे खिळे सरळ करतो.
हातोडी बसली की असा स्वच्छ वाजतो
की मी सरळ झालेल्या खिळ्यालाही
अजून एक घालतो.

वरून वैजूताई ओरडतात,
दोन वाजून गेले.