आधी पाणी

गच्चीवर ये, निषाद. खोलीत नको.
खोलीत तुझ्या ताईचं बाळ झोपलंय
आणि वाफ काही दार वाजवून येत नाही.

चष्मा लाव. नंबरचा नव्हे, हा,
बाजूंनीही बंद असलेला.
लाव म्हटलं ना. मी थांबतो.
साकीनाक्याच्या गाळ्यात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या नळांच्या तोट्या चमकवल्या,
आता मला कसलीच घाई नाही.

दोन बादल्या भरल्यास? नळ सातला जातो.
अंगावर उडालं तर आधी पाणी,
वीस मिनिटं पाणी, मग रिक्षा.
लिंबू नाही, व्हिनेगर नाही,
काकूचं तूप तर मुळीच नाही.

आणि हे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ठेव परत.
कॉस्टिक त्याला खातं,
खाताखाता हायड्रोजन सोडतं,
तुला हवा तोच,
पण नको तिथे, नको तेव्हा.
जाड प्लास्टिकची बरणी घे.

बघ, किती गरीब दिसतात या पाकळ्या.
झाकण उघडं राहिलं की हवेतलं पाणी पितात;
मुंबईची हवा म्हणजे त्यांना पाणपोईच.
बोटांना बुळबुळीत लागलं
तर हातमोजा फाटलाय समज.
तुझ्याच कातडीचा साबण व्हायला लागलाय.

पाण्यात खार.
खारात पाणी कधीच नाही.
उलटं केलंस तर उसळून तोंडावर येतं,
आणि त्याला तोंड ओळखू येत नाही.
चिमूट टाक. ढवळ. थांब.
तापली ना बरणी? खाली आग नसताना?
निवू दे.
तोवर असल्फाच्या टेकडीवरचे दिवे मोज.

गाळ्यात एकदा उरलेलं द्रावण
कुणीतरी सरबताच्या बाटलीत भरलं.
संध्याकाळपुरतंच.
मे महिना होता. सिद्राम नवा, सतरा वर्षांचा.
तहानलेल्याला बाटलीचा आकार हेच लेबल.
अकरा महिने केईएममध्ये.
अजून पेजेवर आहे. दिवाळीला न चुकता फोन करतो,
म्हणजे लावतो तो,
बोलते त्याची बायको.
कुणी भरली होती ते विचारू नकोस.

लेबल लिही.
मोठं. मराठीत लिही, हिंदीत लिही,
वाचता न येणाऱ्यासाठी कवटी काढ.
हसतेय तुझी कवटी. चालेल.

आता जोड तारा.
आले बघ बुडबुडे, भाताला आधण यावं तसे,
पण गार.
कोंडायचे नाहीत हं. बाटलीत नाही, फुग्यात नाही,
आणि खालच्या मजल्यावरचा तो पाटणकर
बिडी घेऊन वर आला तर आधी वायर काढ, मग नमस्कार कर.

जाऊ देत वर.
सगळ्यात हलकं आहे म्हणतात, जगात.
मी बघत बसतो थोडा वेळ.
तू जा, हात धू.
मोजे घालूनच धू आधी,
मग काढून पुन्हा.