इतर (नमूद करा)

नोंदवहीत सतरा रकाने आहेत.
मी कंत्राटावर, पानामागे चाळीस रुपये,
पेट्रोल माझं.

पारडीच्या पुढं, गोदामांच्या मागं
जिथं बोडी होती
तिथं आता ट्रक वजनाला उभे राहतात.
काट्याच्या कुंपणाला टेकून कौतिका वलथरेचं घर.
अंगणात जाळं पसरलेलं,
जाळ्याखाली खारोड्या, कावळ्यांपासून.

"ज्ञानधारक म्हंजे कोन वं?"
तुम्हीच, मावशी.
ती पदरात हसली.
"मले वाटलं, थानेदारासारखं काही हाय."

रकाना तीन, स्थानिक नाव.
ती सांगत गेली, मी मागं पडत गेले:
गाद, चिला, चिऊल, पोवन,
देवधान, परसूड.
मग मासे. वाडीस, दाडक, बोटरी, परन,
शिंगूर.
शिंगुराला तिनं हात पुढं केला.
अंगठ्याच्या मुळाशी जुना पांढरा व्रण.
"हे त्याची सही."

रकाना सहा, उपयोग.
"कोनाले?
गाद बोटरीच्या कामाची,
बोटरी बगळ्याच्या.
आमचा लंबर बगळ्याच्या मांगं."
मी लिहिलं: खाद्य, औषधी.
पेन जराही अडलं नाही,
याची लाज मला घरी गेल्यावर वाटली.

रकाना नऊ, सद्यस्थिती.
विपुल, कमी, दुर्मीळ, नाहीशी.
तिनं कुंपणापलीकडं पाहिलं.
काट्यावर सिमेंटचा ट्रक चढत होता.

वाटलं, झालं पान.
तेवढ्यात म्हणाली, "ये इकडं. बांगड्या वर सरकव."

घरामागं एक कूलर.
पत्रा गंजलेला, पंखा भंगारात गेलेला,
वाळ्याच्या ताट्या कधीच्याच चुलीत.
फक्त खालची टाकी, काठोकाठ.
अशा टाक्यांत महापालिकेची माणसं
टॉर्च मारून डासांच्या अळ्या शोधतात.
तिनं माझं मनगट धरून हात पाण्यात घातला.
"पाह्यू नको. हाताले काय लागते थे सांग."

केसांसारखं काहीतरी.
मग चपटं, रिबिनीसारखं.
खाली गार चिखल, चिखलात एक गाठ,
आणि बोटांमधून
कुणीतरी निसटलं, अर्ध्या नखाएवढं.

मुरमाचा पहिला टिप्पर आला त्या रात्री
तिनं बोडीतून दोन घमेली उचलली होती.
एक चिखलाचं, एक पाण्याचं.
जावयानं विचारलं होतं, याचं कालवण करता का?

"मासा कोनीबी सोडते, बाप्पा.
आंधी गवत लावा लागते.
मिरग सरला का गाद, कंबरेएवढ्या पान्यात.
चिला त्याच्या अलीकडं, गुडघ्याले.
पोवन सगळ्यात मांगून.
उलटं केलं तं पोवन साऱ्यांचं ऊन खाऊन टाकते."

मी ओल्या हातानंच लिहीत होते.
"हे कोन वाचन?"
म्हटलं, नोंद कुलपात राहील मावशी,
कुणी कंपनी परस्पर नेणार नाही.
"बरं झालं.
अन् माह्या सुनेले वाचाचं असन तं?"

सतराही रकाने मी पुन्हा पाहिले.

आढळण्याचे ठिकाण:
तलाव, नदी, विहीर, शेत,
इतर (नमूद करा).
मी नमूद केलं.
कूलरची टाकी. अडीच फूट बाय अडीच.

आठ दिवसांनी सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयातून
पान परत आलं, लाल शाईत:
'इतर'चे स्पष्टीकरण प्रत्यक्ष येऊन द्यावे.

साहेबांच्या खिडकीत कूलर घरघरत होता.
खोलीभर वाळ्याचा गार वास.
मी पर्समधून दुधाची पिशवी काढली,
तोंडाला गाठ मारलेली, हिरवट.
निघताना दिली होती तिनं,
"तुह्या घरीबी कूलर असनच ना?" असं विचारून.

टेबलावर ठेवली. पिशवी एका बाजूला कलली,
आत काहीतरी वळलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला.
"अहो, ओलं होईल," म्हणाले,
"ते पान उचला आधी."