गुरुवार, रात्री दहा

कर्कॉडीत वारा समुद्रावरून तिरका येतो
आणि बर्फ असतो छपराखाली,
बाहेरच्यापेक्षा आत जरा ऊबच.

मी रिंकच्या मागच्या खोलीत स्केटना धार लावतो.
मिरजेत वडील सतारीच्या घोडीवर कानस फिरवून
जवारी काढायचे, डोळे मिटून.
मी उघडे ठेवतो, ठिणग्या उडतात.
बाकी काम तेच.
एक हात जास्त फिरला की सूर गेला.

पात्याच्या पोटात खोबण असते,
म्हणजे एका पात्याला धारा दोन.
हे खेळणाऱ्यांना कळतं.
लीग चालवणाऱ्यांना नाही.

लीगा आमच्याकडे दोन.
जुनीकडे चषक आहे, पैसे नाहीत.
नवीकडे पैसे आहेत, चषक कुरिअरने यायचाय.
नवीत गेलास की जुनीत बंदी,
जुनीत राहिलास की नवीत तुझं नाव कोणी काढत नाही.
विशार्टांचा थोरला, फर्गस, जुनीत राहिला.
धाकटा इनिस गेला.
रविवारी आईकडे दोघे जेवायला असतात,
मधे मिठाचं भांडं,
आणि दोघेही अळणी खातात.

स्केट मात्र दोघांचे माझ्याकडेच.
इनिसचे मागच्या दाराने, बटाट्याच्या पोत्यात.
मी विचारत नाही.
गवई भांडले तरी सतार दुरुस्त करायची,
एवढं घरचं शिक्षण.

फेब्रुवारीत पत्र आलं.
युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, लाटवियात.
आपल्या देशातून संघ एक.

एक.

कॅफेत दोन्हीकडचे लोक बसले,
टायवाले खिडकीशी, फ्लीसवाले हीटरशी.
खरी लीग कोणती, यावर तीन तास.
चहावर साय धरली.
एकाने आजोबांचा त्रेपन्न सालचा फोटो काढला,
दुसऱ्याने बँकेचं पत्र.
मिसेस बॅलिंगॉल,
लायनोलियमच्या कारखान्यात तीस वर्षं हिशोब लिहिलेली बाई,
चष्मा पुसत म्हणाल्या,
"फॉर्मवर नावं लागतात बावीस.
तुमच्याकडे धड खेळणारे तेरा. तुमच्याकडे बारा.
हं, आता भांडा."

रादेक गोलकीपर, पाच देशांतल्या लीगा बुडताना पाहिलेला,
उठला आणि सगळ्यांच्या कपबश्या गोळा करायला लागला.

फॉर्मवर एक ओळ होती: आपली लीग.
जागा बोटभर, दोन नावं मावेनात.
बाईंनी निळ्या शाईत लिहिलं,
गुरुवार, रात्री दहा.
शिकाऊ पोरं घरी गेली,
बर्फ स्वस्त झाला,
की दिवे अर्धे ठेवून
सगळे मिळून चोरून खेळतात, ती वेळ.
मला वाटायचं, ती फक्त मलाच ठाऊक आहे.

तिकडून उत्तर आलं: प्रवेश मंजूर.
कृपया लीगचं नाव स्पष्ट अक्षरात लिहावं.
अजून लिहिलेलं नाही.

सामानवाला म्हणून मी तेविसावा होतो.
पासपोर्ट भारताचा.
व्हिसासाठी तारीख मिळाली
स्पर्धा संपल्यानंतरच्या मंगळवारची.
मग आदल्या रात्री बावीस जोड लावून दिले,
फर्गसचे आणि इनिसचे एकाच फळीवर.
इनिस पहिल्यांदाच पुढच्या दाराने आला.
पोतं तरीही आणलं होतं, सवयीने.

पहिला सामना सात-एक हरले.
दुसऱ्याच्या आधी रादेकचा फोन,
गुडघा बांधून बाकावर बसला होता.
बोलला नाही काही.
फोन नुसता बर्फाकडे धरला.

खर्र, खर्र,
मग वळणावर एक लांब ओढलेला सूर,
शेवटी किंचित दबलेला.

मी डोळे मिटले.
"इनिसला सांग, डावी जवारी बंद झालीय.
दगड फर्गसच्या खिशात आहे.
त्यालाच फिरवायला सांग, हलक्या हाताने, दोनदा."

जवारी हा शब्द तोंडून तसाच गेला, मराठीतच.
रादेकने अर्थ विचारला नाही.