थोडक्यात

फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात छापलंय :
काय घडलं ते थोडक्यात लिहा.
सेगुंदो मियालोंकोने लिहिलं :
थोडक्यात निभावलं.

एवढंच. खाली तारीख,
कोपऱ्यात अंगठ्याएवढा ग्रीसचा डाग.

केम्चीच्या धक्क्यावर, सामन माशांच्या कंपनीत
माझं काम असे कागद वाचायचं.
अर्थात कागद येतात कुठे?
फाटकावर पाटी आहे : अपघाताविना दिवस २११.
अडीचशे झाले की सगळ्यांना
निखाऱ्यावर भाजलेलं कोकरू.
तोंडाला पाणी सुटलं की
तोंड आपोआप मिटतं.
फेब्रुवारीत ब्राउलियोची दोन बोटं चेचली,
तेव्हा दवाखान्यात त्याने सांगितलं :
घरचं फाटक.

मी तक्ता उघडते.
शक्यता, एक ते पाच.
परिणाम, एक ते पाच.
गुणाकार करा, चौकोन रंगवा.
काळ आला होता, वेळ आली नव्हती,
हे कुठल्या चौकोनात बसतं?
पेन्सिल पिवळ्याकडे जाते.
पिवळ्याने कुणाची झोप मोडत नाही.

मग बूट चढवून खाली धक्क्यावर गेले.

सेगुंदो बोलत नाही, नळी पुढे करतो.
कंप्रेसरच्या जोडापाशी तार गुंडाळलेली,
तारेवर त्याच्या मुलीचा केसांचा रबर,
जांभळा, वर प्लास्टिकची चेरी.
त्याखालून हवा सुस्कारे टाकतेय.

"खाली कोण होतं?"
"एलिसेओ. मेलेले मासे वेचत होता जाळीतळाशी,
अठरा मीटरवर.
हवा अडली. मी दोर ओढला."
"मग?"
"वर आला. मातेचा कप घेतला.
दोन्ही हातांनी धरावा लागला त्याला.
बोलला नाही काही. मीही नाही."

मी चौकोन लाल केला.
तीन बोटी बांधून ठेवल्या.
साहेबांनी फॉर्म उलटा करून पाहिला,
मागे काही असेल म्हणून.
"पण घडलं काय?"
"काही नाही," मी म्हणाले.
"तेच तर लिहिलंय."

नवी नळी यायला नऊ दिवस लागले.
नऊ दिवस खानावळीत
माझ्या बाकावर मी एकटी.
पाटीवरचा आकडा वाढतच राहिला,
त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दहाव्या दिवशी पेटी उघडली.
आत च्युइंगमचा कागद,
एका कोकराचं चित्र (शिंगं माझ्यासारखी, म्हणे),
आणि चार फॉर्म.
तिघांवर नावं आहेत.
चौथ्यावर नाव नाही, तारीख फेब्रुवारीची,
अक्षर वाकडं, डाव्या हाताने काढल्यासारखं :

ते घरचं फाटक नव्हतं.