लिटरमागं दहा पैसे

फळा आला तेव्हा हलगी वाजली,
फीत कापली, पेढे वाटले.
पाचव्या महिन्यात वायरमन आला,
खांबावरूनच म्हणाला,
"बाई, माझा नाइलाज हाय."

चौगुले बाईंनी मग त्या काळ्या काचेवर
खडूनं लिहून बघितलं.
उमटेना.

दूध संस्थेच्या सभेत त्या उभ्या राहिल्या,
हातात बिल.
आनंदा खाडे, सेक्रेटरी, चष्मा पुसत राहिला.
मागून कुणीतरी, "पोरांचं बिल म्हशीनं का भरायचं?"
हशा.
तरी ठराव झाला :
लिटरमागं दहा पैसे.

आता भोगावतीकाठी, चौथीच्या खोलीत
शनीची कडी फिरतात.
तनुजा हळूच विचारते,
"बाई, आमची म्हस आटली
तर ही थांबतील?"